मिस्तरींचा मेव्हणा

आमच्या ओतशाळेत आता भिंतीभर पाट्या लागल्यात. ‘ओली पळी रसात बुडवू नये.’ वाचतो कोण! आमच्या वेळी पाट्या नव्हत्या, मिस्तरींचा मेव्हणा होता.

मिस्तरी भट्टीवरचे. पोट सुटलेलं, भुवया जळालेल्या, तोंडाचा पट्टा कायम चालू. चहाला बसलं की म्हणायचे, "आमच्या मेव्हण्यानं ओली पळी घातली की रे वितळलेल्या लोखंडात! रस असा उडाला, पायजमा भट्टीपाशी आणि गडी फाटकाबाहेर." हसता हसता चहा सांडायचा. पण पळी तापवून कोरडी केल्याशिवाय कुणी पुढं सरकायचं नाही. कुणी धांदल केली की "ए, मेव्हणा होऊ नकोस," एवढं पुरायचं.

एके दिवशी खरा मेव्हणा फाटकात हजर. अंगानं काडी, इस्त्रीचा सदरा, कापडाच्या दुकानात नोकरी. भट्टी त्यानं जन्मात पाहिली नव्हती. मिस्तरींना बाजूला ओढून फणकारला, "दाजी, माझ्या पोरीची सोयरीक मोडतेय! मुलाची आई म्हणते, बाप एवढा वेंधळा, तर लेक काय उजेड पाडणार? चला आत, सगळ्यांसमोर सांगा, थापा मारल्या म्हणून."

मिस्तरींची खोली माझ्या खोलीला लागून, त्यांच्या घरचं सगळं मला ठाऊक, म्हणून मीही तिथंच घुटमळत होतो. नवऱ्या मुलाचा काका आमच्याच ओतशाळेतला साचेवाला. किस्से त्यानंच घरी नेलेले. मिस्तरी जळकी भुवई खाजवू लागले. थापा म्हणावं, तर उद्यापासून पळी कोण तापवणार? खरं म्हणावं, तर पोरीचं लग्न बोंबललं.

दोघं आत गेले. साचेवाल्यानं पाहुण्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हेच का ते?"

"छे रे!" मिस्तरी उसळले. "हा थोरला. शहाणा माणूस. तो येडपट धाकटा!"

मिस्तरींच्या बायकोला भाऊ एकच, हे मला पक्कं ठाऊक. मेव्हण्याचा चेहरा लालबुंद. आता हा फोडतोय भांडं, असं मला वाटलं.

मेव्हण्यानं इस्त्रीचा सदरा खाली ओढला. "हो, धाकटा," तो म्हणाला. "लहानपणापासून तसाच. पाणी तापवायला बसायचा आणि भांडंच जाळायचा."

सोयरीक जुळली. लग्नाला अख्खी ओतशाळा लोटली. जो तो वधूपित्याला गाठून विचारी, "धाकटे कुठं दिसत नाहीत?"

"त्याला कळवलंच नाही," मेव्हणा गंभीरपणे सांगे. "आत चुली पेटल्यात ना!"