प्रीतमच्या कामाजोगा कॉम्प्युटर

आमच्या आळीत कोणाला कॉम्प्युटर घ्यायचा झाला की माझा रविवार गेलाच समजा. मी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, एवढाच माझा गुन्हा. मिस्सा आटोपून चर्चमधून घरी येते न येते तोच कोणीतरी दारात उभं असतं, "जोआना टीचर, जरा दुकानात याल?" मी आधी एकच विचारते, त्यावर काम काय करणार? याचं उत्तर कोणाकडे नसतं. "चांगला पाहिजे," म्हणतात. अहो, चांगला म्हणजे काय? अर्ज छापायचे असतील तर साधासुधा चालतो, लग्नाचे व्हिडिओ जुळवायचे असतील तर वेगळा लागतो. भाताच्या टोपात कोणी चहा करत नाही, पण कॉम्प्युटर घेताना शहाणीसुरती माणसं नेमकं तेच करतात आणि सहा महिन्यांनी बोल मला लावतात.

इतक्या वर्षांत या प्रश्नाचं चोख उत्तर एकट्या तुळशीकाकांनी दिलं. "प्रीतमला घरी बसून काम करता आलं पायजे," ते म्हणाले. "दुसरं काय नाय."

तुळशीदासकाका आमचे शेजारी. वसईजवळच्या निर्मळ गावात आमचं अंगण आणि त्यांची वाडी यांच्यामध्ये जास्वंदीचं कुंपण आहे, तेही त्यांनीच लावलेलं. सत्तरीला टेकलेत, पण अजून उघड्या पायांनी वाडीभर हिंडतात. कोणाला काही कमी पडलेलं त्यांना बघवत नाही. केळ जरा कलली की हे टेकू घेऊन हजर. माणसांचंही तेच. माझी आई आजारी होती तेव्हा हे रोज सकाळी शहाळं घेऊन थेट तिच्या खाटेपाशी यायचे आणि खतांच्या गोष्टी सांगत बसायचे. शेवटी ती झोपल्याचं सोंग घ्यायला लागली. तर हे म्हणाले, झोपू दे, मी बसतो इथे. ती गेली तेव्हा त्यांच्याइतकं कोणी रडलं नाही.

दारावर टकटक करणं हा प्रकार त्यांना ठाऊक नाही. आमच्याकडे जुन्या घरांत दिवसा दारं लावायची रीतच नाही. भरदिवसा दार लावलेलं दिसलं तर शेजारपाजारचे विचारायला येतात, सगळं बरं आहे ना म्हणून. आतल्या खोल्यांची दारंही उघडीच, असलाच तर पडदा असतो, तोही काकांच्या घरात वर गुंडाळलेला.

त्यांचा एकुलता एक मुलगा प्रीतम. माझाच विद्यार्थी. इमारती बांधायच्या आधी त्या बांधल्यावर कशा दिसतील याची चित्रं तो कॉम्प्युटरवर करतो, खिडकीतून पडणाऱ्या उन्हासकट. कंपनी बंगलोरची, पण काम घरूनच. लग्नानंतर वर्षभर तो आणि हेमाली वाडीतल्या घरीच राहिले आणि मग बोळिंजला फ्लॅट घेऊन गेले. बोळिंज म्हणजे काही परदेश नव्हे, स्कूटरला टाच मारली की आलंच. पण घरातून मुलगा गेला तो गेला. जाताना तो म्हणाला, "बाबा, इथे नेट चालत नाही, लाइट सारखी जाते. कामाचा खोळंबा होतो."

काकांनी ते शब्दशः धरलं. महिनाभरात चाफ्याच्या झाडांवरून इंटरनेटची वायर घरात आली. नंतर इन्व्हर्टर आला. दर रविवारी मुलगा-सून जेवायला येत आणि चार वाजले की कामाचं नाव काढून उठत. काका विचारायचे, आता काय कमी हाय? एका रविवारी प्रीतमच्या तोंडून निघून गेलं, "लॅपटॉप पुरत नाही बाबा. मोठा डेस्कटॉप असता तर गोष्ट वेगळी."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी काका फाटकाबाहेर उभे.

"बाय, प्रीतमच्या कामाजोगा कॉम्प्युटर बघायचा. तो आला की मग हेमालीपन आली. घर कसं भरून जाईल."

मी म्हटलं, "काका, तो येतो म्हणालाय का?"

"कॉम्प्युटर नाय म्हनून येत नाय. आपन आनला की कशाला नाय येनार?"

त्यांच्या हिशेबात कुठे चूक काढायची तेच मला कळेना. मी प्रीतमला फोन लावला. काम काय, किती मोठी चित्रं, सगळं विचारलं. तो उत्साहाने सांगत सुटला. प्रोसेसर कोणता, रॅम किती, ग्राफिक्स कार्डाशिवाय कसं सगळं अडतं, रंग खरे दाखवणारे दोन मॉनिटर कसे हवेत. माझ्या शिकवणीचं चीज झालं म्हणायचं. शेवटी मी सरळच विचारलं, "घेतला तर राहायला येणार का रे तू?"

त्याने आधी आवाज खाली आणला. मग म्हणाला, "टीचर, मी मीटिंगमध्ये असायचो आणि बाबा मागे उभे. एकदा सगळ्यांसमोर माझ्या तोंडापुढे सोललेलं केळं धरलं. बंगलोरची माणसं हसत सुटली. आम्ही दोघं खोलीत काही बोलत असलो तरी हे आत, चहा घेतलात का, पंखा लावू का. हेमालीला कपडे बदलायला न्हाणीघरात जावं लागायचं. मी दार लावलं तर दोन मिनिटांत दार ढकलून हजर. म्हणे, बरं नाही का वाटत तुला?"

"मग सांग ना त्यांना."

"काय सांगू? त्यांनी वाईट काय केलं?"

मला त्याला चार शब्द सुनवायचे होते. लाइटीवर आणि नेटवर ढकलून बापाला पळायला लावलंस म्हणायचं होतं. पण केळं हातात घेऊन उभे असलेले काका माझ्या डोळ्यांसमोर आले आणि मी फोन ठेवून दिला.

मी द्वारकाकाकींकडे गेले. त्या ओट्यावर उन्हात सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी बांधत बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "लाइटीसाठी नाय गेला तो, ठाव हाय मला. चाळीस वर्सं झाली, मी या मानसाबरोबर राहते. जीव लावतो आनि गुदमरवतो. कोन सांगनार? सांगितलं तर वाडीत जाऊन बसेल, जेवनार नाय. तूच बघ बाय, जमलं तर."

मला कसलं जमतंय! पुढच्या शनिवारी काका आणि मी वसईत स्टेशनजवळ केयूरच्या दुकानात गेलो. केयूर काकींचा भाचा, सुटे भाग जुळवून कॉम्प्युटर बनवून देतो. त्याने आम्ही पोचताच कॉम्प्युटरचं काचेचं कॅबिनेट पुढे केलं, आत लाल-निळे दिवे नाचणारं. "काका, हे घ्या. एकदम भारी लुक."

"देवळात ठेवायचा हाय का?" काका म्हणाले.

मी केयूरला झापलंच. म्हटलं, दिवे काढ आणि तो खर्च आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर कर, स्वस्तातला घातलास तर महागातलं कार्ड जळेल. काकांनी कॅबिनेट उचलून उलटंपालटं केलं, मागच्या जाळीवर तळहात धरला. "हा वारा कुठून घेतो? आमच्याकडे समुद्राची खारी हवा. गंजेल काय?" तीस वर्षांत इतका नेमका प्रश्न कोणा गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकला नव्हता, असं केयूरच्या तोंडावर स्पष्ट दिसलं, आणि त्याचं वय तीससुद्धा नाही. मग जाळीला धूळ अडवणारी गाळणी आली, चांगला यूपीएस आला, दोन मोठे मॉनिटर आले. काकांनी प्रत्येक वस्तूला एकच विचारलं: प्रीतमला हे पुरेल ना? पैशाचं मी काढलं तर त्यांनी हातानेच उडवून लावलं.

परतताना रिक्षात मी धीर केला. म्हटलं, "काका, एक सांगू? नवीन जोडप्याला जरा एकांत लागतो. आणि काम करणाऱ्यालाही."

"एकांतच हाय की! वाडीत कोन येतं? फ्लॅटात वरून-खालून मानसं. इथे मी नि द्वारका, बाकी पाखरं."

ते इतक्या समाधानाने हसले की पुढचं वाक्य मी गिळलं. भित्री म्हणा मला.

पुढचे दिवस काकांनी पडवीलगतची खोली तयार केली. भिंती रंगवल्या, खिडकीला बारीक जाळी लावली. बोळिंजला जाऊन प्रीतमच्या खुर्चीची उंची सुतळीने मोजून आणली आणि सुताराकडून त्या मापाचं टेबल करून घेतलं, दोन मॉनिटर ऐसपैस मावतील असं. केयूरने येऊन सगळं जोडून दिलं तेव्हा मला बोलावणं आलं. खोली खरंच छान झाली होती. मी वळले आणि माझं लक्ष चौकटीकडे गेलं. दार नव्हतं.

"टेबलावर आपटत होतं," काका म्हणाले. "काढून टाकलं. आता कशी ये-जा मोकळी!"

काकी स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभ्या होत्या. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि नजर वळवली. "पडदा तरी लावा," मी म्हटलं. ते म्हणाले, "कशाला? वारा अडतो."

रविवारी प्रीतम आणि हेमाली आले. काकांनी मलाही जेवायला थांबवलं होतं. जेवून हात पुसायच्या आधीच प्रीतमने आपलं काम त्या कॉम्प्युटरवर उघडलं. वीस मजल्यांची इमारत पडद्यावर फिरायला लागली, अडखळली नाही, कुठे थांबली नाही. पोरगा लहानपणी शाळेच्या लॅबमध्ये हसायचा तसा हसला. "टीचर, काय मशीन आहे हे!" तो तीन तास उठला नाही. काका त्याच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. मध्येच पाणी आणत, मध्येच पंखा वाढवत, मध्येच विचारत, हे कोनाचं घर? हेमाली एकदा नवऱ्याशी काही बोलायला आत गेली आणि काकांना पाहून तशीच बाहेर आली. ती काही चिडली नाही. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबली, दाराच्या जागी रिकाम्या बिजागऱ्या होत्या त्यांच्याकडे बघितलं आणि काकींना भांडी घासू लागायला गेली.

चार वाजले. प्रीतम उठला.

"उद्या कपडेबिपडे घेऊन या," काका म्हणाले. "बाकीचं सामान मग टेम्पोने आनू."

प्रीतम माझ्याकडे बघायला लागला. मी काय त्याचा पेपर सोडवणार होते? तो हळूच म्हणाला, "बाबा, उद्यापासून नवं मोठं काम सुरू होतंय. मशीन खरंच पाहिजे मला. इथे नुसतं पडून राहील. मी... मी तिकडे नेऊ का?"

"अहो, नको," हेमाली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "बाबांनी किती हौसेने..."

मला वाटलं आता तरी काका चिडतील. चिडायला हवं होतं. मी देवाशपथ सांगते, त्यांनी त्या क्षणी आवाज चढवला असता तर कदाचित प्रीतमही बोलला असता, जे आहे ते एकदाचं बाहेर पडलं असतं. काका जरा वेळ मॉनिटरवर फिरणाऱ्या त्या इमारतीकडे बघत राहिले.

"ने की," ते म्हणाले. "तुझाच हाय. तुझ्यासाठीच घेतला."

आणि लागलीच कामाला लागले. खोके मागच्या अंगणात गेले होते ते झटकून आणले. आतल्या पोकळ जागेत वाळलेली केळीची पानं चेपून भरली, धक्का लागू नये म्हणून. मॉनिटर स्वतःच्या धोतराच्या जुन्या धडप्यात गुंडाळले. रिक्षात प्रीतमच्या मांडीवर कॅबिनेट ठेवताना दोनदा बजावलं, खड्ड्यात हळू घ्यायला सांग. मी घरी जाऊन दार लावून घेतलं, दिवसाढवळ्या, आणि रडले. राग कोणावर काढायचा तेच कळत नव्हतं.

त्याच्या पुढच्या रविवारी मी काकींना केक द्यायला गेले तर मंडळी जेवत होती. काका प्रीतमला विचारत होते, "कसा चालतो?"

"एकदम फास्ट, बाबा. पूर्वी दिवसभर लागायचा ते काम आता दुपारपर्यंत होतं."

"मग दुपारनंतर मोकळाच की तू," काकांचा चेहरा उजळला. "मग आज राहा रात्री. उद्या सकाळी जा."

प्रीतमचा घास हातातच राहिला. हेमालीने ताटातली माशाची आमटी उगाच ढवळली. "बघू, बाबा," तो म्हणाला. "फास्ट झालं म्हणून कंपनीने काम वाढवलंय."

ते खरं असेलही. चार वाजता स्कूटर सुरू झाली. काका फाटकापर्यंत गेले, वळणापलीकडे आवाज विरेपर्यंत उभे राहिले आणि मग कुंपणाशी माझ्याजवळ आले. चेहऱ्यावर तक्रार नव्हती. केळ कलली की टेकू शोधायला निघतात, तेव्हा असतो तसाच चेहरा होता.

"बाय," त्यांनी विचारलं, "ह्याच्याहून फास्ट मिळतो काय?"

सांगून टाकावं, आत्ता, असं मला वाटलं. तोंडही उघडलं.

"मिळतो, काका," मी म्हटलं.