सव्वीस जणांच्या सह्या

आमच्या विद्यापीठातली पोरं बुरुलला 'कलमएजे' म्हणतात. एजे म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडे बाईमाणसाला असंच हाकारतात, मग ती शिक्षिका असो नाहीतर डीनच्या कचेरीतली कारकून. बुरुल कारकून. सप्टेंबर उजाडला की ती पहिल्या वर्षाचा एकेक गट चौदा नंबरच्या खोलीत घेते, दाराला पाठ लावून उभी राहते आणि नियमपुस्तिका पहिल्या पानापासून एकतिसाव्या पानापर्यंत मोठ्यानं वाचते. वसतिगृह, वर्तणूक, विद्यार्थी मंडळ, दाद मागण्याचा हक्क, एक ओळ सोडत नाही.

"एजे, हे कलम संपेपर्यंत आमची पदवी होईल हो," मागून कुणीतरी म्हणतं.

"होऊ दे. पण न ऐकता इथून कुणी हलायचं नाही," एजे म्हणते. हसत मात्र नाही. वाचून झाल्यावर प्रत्येकाला पुढे बोलावते, डोळ्यांसमोर सही करायला लावते, आणि सही होईपर्यंत त्या हाताकडे टक लावून बघत राहते. पोरांना वाटतं, बाई फार काटेकोर आहे. शिक्षकांनाही तेच वाटतं. घ्या! माणसाच्या चांगल्या सवयीमागे काय दडलेलं असतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

गोष्ट एकवीस वर्षांपूर्वीची. बुरुल तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती आणि आपल्या गटाची प्रमुख होती. शाळेनंतर दोन वर्षं दूधसंघात काम करून आलेली, त्यामुळे बाकीच्यांपेक्षा मोठी, बोलायला फटकळ आणि कामाला वाघ. गटप्रमुख म्हणजे काय, तर हजेरी तिनं ठेवायची, आजारी कोण नि आजारपणाचं सोंग कुणाचं ते तिनं ओळखायचं, आणि वर्षातून एकदा ती वही भरून द्यायची. नियमांची वही. तिच्यात नावांपुढे एक रकाना असे आणि त्याच्या डोक्यावर दोनच शब्द: 'ओळख झाली'. म्हणजे मी नियम वाचले, मला कळले. खाली सही.

ओळख कसली आलीय! नियमपुस्तिका डीनच्या कपाटात, कपाटाची किल्ली चिटणीसबाईंच्या पर्समध्ये, आणि चिटणीसबाई सकाळी वही हातात देऊन म्हणणार, "पाच वाजेपर्यंत भरून आण गं." त्यात सप्टेंबर म्हणजे बटाटे काढायचे दिवस. अर्धा गट अजून आपापल्या गावी मातीत हात घालून बसलेला. सह्या आणायच्या कुठून? मग आमच्याकडचे गटप्रमुख पूर्वापार जे करत आले तेच बुरुलनं केलं. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात बसून चार पेनं घेतली, कधी डावा हात लावला, कधी अक्षरं उजवीकडे झुकवली, आणि तासाभरात सव्वीस जणांची नियमांशी ओळख करून दिली. वर शेजारच्या गटाच्या प्रमुखाला वही दाखवून फुशारकीही मारली, "बघ, एकीसारखी दुसरी आहे का?" कुणाला त्यात वावगं वाटत नसे. सगळेच करायचे.

सव्विसावं नाव अनारकुलचं. कारा-बुलुन गावच्या मेंढपाळाची पोर, घरात पहिलीच शिकणारी. त्या दिवशी ती बटाट्यांच्या शेतात होती. पुढे मार्चमध्ये तिची आई ओसरीवरच्या बर्फावरून घसरली आणि कमरेचं हाड मोडून बसली. घरी मेंढ्या व्यायच्या बेतात, आई अंथरुणात. निरोप आला तशी अनारकुल पिशवी घेऊन बुरुलच्या खोलीत आली.

"एजे, मी घरी चाललेय. आई पडलीय."

"अगं मग उभी काय राहिलीस? जा. इथलं मी बघते."

मी बघते! हे दोन शब्द बुरुलला आजही जिभेवर चटका बसल्यासारखे आठवतात. तिनं काय बघितलं? काही नाही. हजेरीत खूण केली आणि विसरली. तीन रात्रींहून जास्त बाहेर राहायचं तर वसतिगृहाला लेखी अर्ज लागतो, नाहीतर विद्यापीठातून नाव कमी होतं, हे तिला तरी कुठं माहीत होतं? तिनं स्वतःच नियम वाचले नव्हते. आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात ती विभागाच्या विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष म्हणून निवडून आली होती.

अनारकुल सहा रात्री घरी राहिली. नेमकी तेव्हाच वरून तपासणी आली, पलंग मोजले गेले, एक रिकामा निघाला. तपासणीवाल्यांना दाखवायला कुणीतरी हवंच होतं. अनारकुलला वर्तणूक समितीपुढे उभं केलं आणि बापालाही गावाहून बोलावलं.

समितीत उपडीन मामितोव, वसतिगृहाची देखरेख करणाऱ्या बाई, एक जुने शिक्षक, आणि विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून बुरुल. बाप, सागिनबाय, भिंतीशी खुर्चीच्या कडेवर बसला होता, जाड लोकरीच्या नमद्याची पांढरी टोपी गुडघ्यावर धरून. साठीला टेकलेला माणूस, पण त्या खोलीत परीक्षेला बसलेल्या पोरासारखा दिसत होता.

"नियम माहीत नव्हता म्हणतेस?" मामितोवनं विचारलं.

"नव्हता, सर. कुणी सांगितलाच नाही."

"असं? मग ही सही कुणाची? तुझ्या आजीची?"

देखरेखवाल्या बाई हसल्या. मामितोवनं वही फिरवून तिच्यापुढे सरकवली. अनारकुल वाकली, रकान्यात बघितलं. ती सही करायची शाळेत गिरवतात तशी, साधी, सुटी अक्षरं. वहीतली सही शेपटी काढून ऐटीत वळवलेली होती. तिनं मान वर केली आणि बुरुलकडे पाहिलं.

बुरुलला एक वाक्य, फक्त एक वाक्य बोलायचं होतं: ही सही माझी आहे. पण मग गटप्रमुखपद जाणार, अध्यक्षपद जाणार, कदाचित स्वतःचंच नाव कमी होणार. शिवाय पदवीनंतर कचेरीत घेतो म्हणून मामितोवनं शब्द दिला होता. तिची नजर खाली गेली. टेबलावर हिरवं कापड होतं, त्यावर शाईचा डाग होता. ती त्या डागाकडे बघत राहिली.

"माझीच आहे, सर," अनारकुल म्हणाली.

मग मामितोवनं पुस्तिका उघडून वाचलं, की विद्यार्थी मंडळाची संमती असल्याशिवाय कुणाचंही नाव कमी करता येत नाही. बुरुलनं हे कलम जन्मात पहिल्यांदा तिथे ऐकलं. सगळं तिच्याच हातात होतं. ती नको म्हणाली असती तर पोर वाचली असती.

"अध्यक्ष, तुमची संमती?"

बुरुलनं हात वर केला. कुंपणानंच शेत खाल्लं, दुसरं काय!

पुढे तिनं ती पुस्तिका घोकून पाठ केली. दाद मागायला दहा दिवसांची मुदत असते, हेही तिला कळलं, पण सोळाव्या दिवशी. पदवी झाली, कचेरीत जागा मिळाली, लग्न झालं, मुलं झाली. शरमेनं अंग जळायला लागलं की ती मनाची एकच समजूत घालायची: अनारकुलनं आपणहून 'माझी' म्हटलं, तिनं मला वाचवलं. किती मोठ्या मनाची पोर! तिनं मला तेव्हाच माफ केलं असणार. या एका समजुतीवर बाईनं एकवीस वर्षं काढली.

यंदा वसंतात विद्यापीठानं तिचा सत्कार केला. प्रमाणपत्रावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'विद्यार्थ्यांच्या हक्कांची राखणदार'. टाळ्या वाजल्या, पोरांनी "कलमएजे! कलमएजे!" म्हणून ओरडाआरडा केला. बुरुल फुलं घेऊन खाली उतरली, बाथरूममध्ये गेली आणि ओकली. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. रविवार उजाडला तशी ती कारा-बुलुनला जाणाऱ्या गाडीत बसली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच, पण निघाली खरी.

अनारकुल अंगणात लोकर धूत होती. हात कोपरापर्यंत भिजलेले, डोक्याला रुमाल. फाटकातली बाई तिनं क्षणात ओळखली.

"या, गटप्रमुख," ती म्हणाली. "हजेरी घ्यायला आलात?"

बुरुलनं वाटेत घोकलेलं सगळं विसरून तोंडाला येईल ते बोलून टाकलं. "ती सही मी केली होती, अनारकुल."

"ठाऊक आहे. एवढी ऐट माझ्या अक्षराला कधी जमली?"

"आणि तरी तू माझी म्हणालीस. मला वाचवलंस. तुझे उपकार..."

"तुला वाचवलं?" अनारकुलनं लोकर पिळता पिळता थांबून तिच्याकडे बघितलं. "कुणी सांगितलं तुला हे? अगं, मी तुझी वाट बघत होते! आत्ता बोलेल, आत्ता बोलेल म्हणून तुझ्या तोंडाकडे बघत उभी होते. तू मान खाली घातलीस. मग म्हटलं, आता मी नाही म्हणून काय उपयोग? अध्यक्षबाईंचं खरं मानतील की मेंढपाळाच्या पोरीचं? वर बापासमोर खोटारडी ठरेन. म्हणून हो म्हटलं. तुझ्यासाठी नाही हो, बाई. बापासाठी."

बुरुलची एकवीस वर्षं उराशी धरलेली समजूत पाण्यात गेली.

"आणि खोटारडी तर ठरलेच," अनारकुल पुढे म्हणाली. "येताना गाडीत मी बाबांना खरं सांगितलं. ते म्हणाले, चारचौघांत कबूल करतेस आणि मग दुसऱ्याच्या पोरीवर ढकलतेस? तेव्हापासून माझ्या शब्दाला या घरात काडीची किंमत नाही. विद्यापीठातून काढलेली पोर म्हणून दोन महिन्यांत एका विधुराला देऊन टाकलं. तो बरा निघाला बिचारा, गेला लवकर. मग परत इथेच आले. आजही बाहेर बर्फ पडतंय म्हणून सांगितलं, तर बाबा शेजाऱ्याला विचारतात."

तिनं हात झटकले आणि अंगणाच्या उन्हाच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे सागिनबाय गोधडीवर बसून वाटीतून चहा पीत होता. ऐंशीचा म्हातारा.

"तिथे बसलेत. मला सांगून काय करतेस? मला माहीतच आहे. त्यांना सांग. आणि मोठ्यानं सांग, कमी ऐकू येतं त्यांना."

बुरुल जाऊन त्याच्यापुढे बसली. "बाबा, ती सही मी केली होती."

"आँ?"

"सही! विद्यापीठातली सही!"

"दही?" म्हातारा हसला. "दही नको, पाहुणीला घोडीचं दूध द्या. अनारकुल!"

शेजारची बाई भिंतीवरून डोकावली. रस्त्यावर खेळणारी पोरं फाटकाशी येऊन उभी राहिली. चौदा नंबरच्या खोलीत तासन्‌तास न दमणारा तो आवाज इथे हातभर अंतरावरही पोचेना. तिनं डोळे मिटले आणि जीव खाऊन ओरडली:

"अनारकुल खोटं बोलली नव्हती! वहीत तिच्या नावानं मी सही केली होती! समितीत मी गप्प बसले! मी! बुरुल! गटप्रमुख!"

शेजारीण "अगं बाई" म्हणाली. म्हाताऱ्यानं वाटी खाली ठेवली, ती कलंडली, चहा गोधडीवर सांडला. त्यानं बुरुलकडे बघितलंसुद्धा नाही. तो लेकीकडे बघत होता.

"हे तू मला सांगितलं होतंस?"

"हो, बाबा."

"कधी?"

"त्याच दिवशी. गाडीत."

म्हाताऱ्यानं सांडलेल्या चहावरून हात फिरवला. "मी ऐकलं नाही," तो म्हणाला. "तेव्हा तर मला नीट ऐकू येत होतं." मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आपल्या डोक्यावरचं ओझं उतरवायला आलेल्या बुरुलनं ते एका ऐंशीच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं होतं. हे तिला तेव्हा, तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि परत उचलून घ्यायची काही सोय नव्हती.

"झालं ना तुझं सांगून?" अनारकुल तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मग जा आता. परक्या माणसापुढे ते रडायचे नाहीत."

आमच्याकडे शत्रू जरी दारात आला तरी भाकरीचा तुकडा मोडल्याशिवाय त्याला कुणी जाऊ देत नाही. बुरुल उठली, चपला घातल्या, फाटकातून बाहेर पडली. तिला कुणी भाकरी विचारली नाही, आणि तिनंही मागे वळून बघितलं नाही.