पट्टीवरचा मान

हंसाताईंच्या घरात मानपान फार. सिल्व्हर पार्कच्या त्यांच्या दोन खोल्यांत पाहुणा आला, की पंख्याखालच्या खुर्चीत कोण बसणार आणि पहिला कप कुणाच्या हातात जाणार, हे न बोलता ठरलेलं असे. त्या स्वतः सगळ्यांचं झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभ्यानं चहा घ्यायच्या, तोही उरला तर. परळ सोडून मिरा रोडला येऊन निम्मं आयुष्य झालं, पण ही रीत काही परळला राहिली नाही. सामानाबरोबर टेम्पोत बसून इथवर आली.

अशी बाई कॉम्प्युटरसमोर बसली तर तिथेही मानपान सुरू होणारच. तो झाला, आणि त्यापायी तिचं वर्ष बुडायची वेळ आली.

लेक क्षितिजा लग्न होऊन ठाण्याला गेली, तेव्हा तिचा जुना लॅपटॉप आईकडे आला. हंसाताईंचं बी. ए. दुसऱ्या वर्षाला सुटलं होतं. लग्न ठरलं, मग सासूबाईंचं दुखणं, मग क्षितिजा, आणि ते राहिलं ते राहिलंच. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी मुक्त विद्यापीठात नाव घातलं. नवरा उत्तमराव म्हणाले, "कर. वेळ जाईल तुझा." हंसाताईंना ते लागलं. वेळ घालवायला त्यांच्याकडे तांदूळ निवडायचे होते, कपडे वाळत घालायचे होते. त्यांना बी. ए. व्हायचं होतं.

आता शेवटचं वर्ष आलं होतं. विद्यापीठाचा सगळा कारभार वेबसाइटवर. पहिल्याच वर्षी त्यांनी नेटवर शोधून जी साइट वर आली ती उघडली आणि आपला नंबर भरला. ती निघाली कुठल्याशा खासगी क्लासची. मग काय, कढईत फोडणी पडायला आणि फोन वाजायला एकच गाठ. "मॅडम, ॲडमिशन लेना है क्या?" तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावला.

त्यावर क्षितिजानं उपाय दाखवला. "आई, खरी साइट एकदा उघडायची, पत्त्याशेजारचा हा तारा दाबायचा आणि नाव द्यायचं. मग ती वरच्या पट्टीवर बसते. शोधायचंच नाही, तिथूनच जायचं."

हंसाताईंना हे इतकं आवडलं की आठवडाभरात पट्टी भरली. पण भरली कशी? लग्नपत्रिका छापावी तशी. पहिल्या जागी 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न', म्हणजे देवीचं थेट दर्शन. मग 'जावई श्री. नीरजराव यांची कंपनी', जी त्यांनी फक्त जावयाचा फोटो बघायला एकदा उघडली होती. मग 'चि. सौ. क्षितिजा हिचे ऑफिस'. मग उत्तमरावांची पेन्शन आणि उत्तमरावांचं क्रिकेट. आणि सगळ्यांचं पान वाढून झाल्यावर, अगदी कडेला, 'माझा अभ्यास'.

तरीही चाललं होतं. घोटाळा केला दत्तारामभावजींनी. हे उत्तमरावांच्या मोठ्या बहिणीचे यजमान. भाईंदरला त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा, आणि रुसायची सवय जुनी. एका रविवारी ते आले, लॅपटॉप उघडा होता, चष्मा वर करून त्यांनी पट्टी वाचली.

"जावयाची कंपनी हाय. आमची साइट न्हाय वाटतं?"

"अहो भावजी, राहिलीच बघा," हंसाताई ओशाळल्या आणि तिथल्या तिथे तारा दाबला. नाव दिलं 'श्री. दत्तारामभावजी मंडप डेकोरेटर्स, भाईंदर'. सासरच्या थोरल्या जावयाला आपल्यामागे कसं बसवणार? त्यांनी भावजींना ओढून आपल्या पुढे ठेवलं, आणि चहा टाकायला आत गेल्या.

त्याच आठवड्यात परीक्षेचा फॉर्म भरायचा शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी साइट बंद होणार होती. फॉर्म राहिला की परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे पुन्हा एक वर्ष. जेवणं आटोपून, ओटा पुसून हंसाताई बसल्या. लॅपटॉप उघडला, तर पट्टीवर 'माझा अभ्यास' नाही. भावजींच्या मंडपापाशी पट्टी संपत होती.

भावजींना बसवताना आपणच आपलं पुसलं, अशी त्यांची खात्री झाली.

"अगं, सर्च कर ना. सगळे करतात," उत्तमराव सोफ्यावरून म्हणाले.

"मी नाही करणार. परत त्या क्लासवाल्यांच्या घशात जायचं नाही मला."

उत्तमरावांनी स्वतः शोधून बघितलं. एकासारखी एक नावं आली, खरं कोणतं ते त्यांनाही कळेना. क्षितिजाचा फोन लागेना, मीटिंगमध्ये असणार. उत्तमरावांनी लॅपटॉप परत सरकवला. "जाऊ दे. पुढच्या वर्षी दे. काय घाई आहे?"

हंसाताईंना संताप आला. लग्न ठरलं तेव्हाही सगळे हेच म्हणाले होते, पुढच्या वर्षी दे. "मला आहे घाई," त्या म्हणाल्या. "आज भरल्याशिवाय उठणार नाही मी. चार वाजता चहा लागला तर तुमचा तुम्ही करून घ्या."

मग त्यांनी गहू निवडावे तसा तो पडदा बोटानं निवडायला घेतला. डावीकडून सुरुवात केली. एकेक चिन्ह, एकेक टिंब. काही उघडलं, काही बंद झालं, एकदा अक्षरं मुंगीएवढी झाली. घाबरल्या, पण उठल्या नाहीत. असं करत पट्टीच्या उजव्या टोकाला आल्या, तर भावजींच्याही पलीकडे दोन बारके बाण होते. दाबले. खाली एक कप्पा उघडला आणि त्यात एकटंच बसलं होतं, 'माझा अभ्यास'. पुसलं गेलं नव्हतं. बाकीच्यांच्या लांबलचक नावांनी जागाच उरली नव्हती, म्हणून आत ढकललं गेलं होतं.

हंसाताईंना आधी हसू आलं आणि मग डोळे भरून आले. तसंच त्यांनी फॉर्म भरला, दोनदा तपासला आणि पाठवला. पोच मिळाल्यावरच पाठ टेकली.

पण उठल्या नाहीत. 'माझा अभ्यास' बोटानं धरून त्या डावीकडे ओढत निघाल्या. मंडप गेला, क्रिकेट गेलं, पेन्शन गेली, लेक-जावई गेले. देवीपाशी त्या क्षणभर थांबल्या, हात जोडले, आणि आपलं नाव तिच्याही आधी नेऊन ठेवलं.

उत्तमराव आपण केलेला चहा घेऊन मागे उभे होते. "अगं, भावजी दिसत नाहीत."

"आत आहेत. बाण दाबला की दिसतात."

"त्यांना वाईट वाटेल."

"वाटू दे. मी आत होते, तेव्हा कुणाला वाटलं होतं?"

उत्तमरावांनी हातातला कप तिच्यापुढे ठेवला आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. पट्टीवरचं पहिलं नाव त्यांनी वाचलं.

"विषय कोणता घेतलायस गं तू?" त्यांनी विचारलं.

शेवटचं वर्ष होतं, आणि हे त्यांनी आज पहिल्यांदा विचारलं होतं. हंसाताईंनी कप उचलला, बसल्या जागी एक घोट घेतला आणि सांगितलं, "इतिहास."