हेल्मेटमधला आवाज

निवृत्त झाल्यावर यांनी लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल घेतली. मागे बसणारी अर्थात मी. वाटेत बोलता यावं म्हणून दोघांच्या हेल्मेटमध्ये माइक बसवून घेतले होते.

परवा घाटातल्या एका वळणावर ट्रक थेट अंगावर आला. यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली आणि तो आम्हाला जवळजवळ घासून गेला. मी ओरडणार, तेवढ्यात माझ्या कानात बारीक, रडवेला आवाज आला, "आई गं... आई, सांभाळ."

माइक चालू असल्याचं ते विसरले होते.

ट्रक निघून गेला, पण मी त्या आवाजानंच हादरले. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी, मुलगी परदेशी गेली तेव्हा, "काही होत नाही" एवढंच म्हणणारा हा माणूस. तेव्हाही आत असंच चाललं असेल? आणि मी तीस वर्षं यांना कोरडे म्हणत आले!

घाट उतरून चहाला थांबलो. हेल्मेट काढत ते नेहमीच्या आवाजात म्हणाले, "घाबरली नाहीस ना?"

"खूप घाबरले. आणि तुम्ही?"

 त्यांनी हात पुढे केला. तो अजून थरथरत होता.