पुसलेला मका
बुरशीचा बुरा पुसला की मक्यातलं विष जातं, असं तुम्हालाही वाटतं का? परवा ओल्या पोत्याचा कुबट वास आला आणि माण तालुक्यातली चुलती आठवली. मातीतल्या बुरशीनं हिरवट झालेला मका पुसून, उन्हात वाळवून तिनं गाभण शेळीला चारला होता. "अन्न टाकू न्हाई रं, ऊन दिलं की समदं जातंय." पुढं शेळीनं खाणं सोडलं, डोळे पिवळे पडले. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "मावशी, बुरा गेला, पण त्याचं विष दाण्यात राहिलं. त्यावर औषध नाही." शेळीपुढं पाला धरून चुलतीनं विचारलं, "आवं, आनखी ऊन द्याया पायजे हुतं व्हय?" शेळी गेली; तसला मका अजून कितीतरी अंगणांत वाळतोय. तुमच्या दारात असेल, तर आजच पुरून टाका.