आजींना फोन द्या

आई गेल्यानंतर तिचा मोबाइल मी चालू ठेवला होता. त्यात भावनेचा भाग फारसा नव्हता. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर यायचे आणि तिचं खातं बंद करण्याचं काम रेंगाळलं होतं. बटणांचा साधा फोन. टीव्हीशेजारी चार्जिंगला पडलेला असायचा. अधूनमधून वाजायचा आणि कोणीतरी आईला कर्ज देऊ करायचं. वारलेल्या म्हातारीला कर्ज द्यायचा त्यांचा उत्साह बघून आधी गंमत वाटायची, मग डोकं फिरायचं.

माझं डोकं फिरणं हा आमच्या घरात चेष्टेचा विषय आहे. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर तपासणी विभागात होतो. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूंत खोट शोधायची आणि पगार घ्यायचा. निवृत्तीनंतर ती सवय माझ्याबरोबर घरी आली. बायको म्हणते, तुम्ही आमटीतसुद्धा मायक्रोमीटर घालाल.

खासगी माहिती वगैरे प्रकरणाची मला कधीच पर्वा नव्हती. दुकानात बिल करताना नंबर विचारला की मी तो खणखणीत आवाजात सांगायचो, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल असा. पुण्याला असलेली मुलगी वैतागायची. "बाबा, असा कुठेही नंबर देत जाऊ नका." मी म्हणायचो, "माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" हे वाक्य मला फार आवडायचं. सरळ माणसाचं वाक्य आहे असं वाटायचं.

डिसेंबर संपत आला होता. एका दुपारी आईचा फोन वाजला. बाईचा आवाज होता.

"आजी आहेत का?"

"कोण बोलतंय?"

"आपण कोण?" तिनेच मला विचारलं.

"मी त्यांचा मुलगा."

"आजींना फोन द्या ना जरा."

"आजी गेल्या. दिवाळीच्या आधी."

मग ती बाई म्हणाली, "अरेरे. वाईट झालं. मी ठेवते हं." आणि तिने खरोखरच ठेवला.

मी चक्रावलो. कर्जवाले इतक्या सहजासहजी पिच्छा सोडत नाहीत. मी तोच नंबर फिरवला. पेठ रस्त्याला, शहर संपतं तिथे डोंगराकडच्या मुलामुलींचं एक वसतिगृह आहे, त्याच्या कार्यालयात फोन लागला. संस्थेचं नाव तिने सांगितलं. आईशी काय काम होतं, ते सांगेना. "ते आजींशीच बोलायचं होतं, काका." माझ्याहून फार तर पंधरा वर्षांनी लहान असेल, आणि मला काका म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी मी स्कूटर काढली.

कार्यालय म्हणजे एक खोली, दोन टेबलं, एक संगणक. भिंतीवर एकाही देणगीदाराचं नाव नव्हतं. हे मला आधी खटकलं. आपल्याकडे पंखा दिला तरी पात्यांवर नाव रंगवून घेतात. फोनवरच्याच बाई समोर बसल्या होत्या. पन्नाशीकडे झुकलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी मृत्यूचा दाखला, माझं आधार कार्ड, आईचं आधार कार्ड असं सगळं ओळीने टेबलावर मांडलं. त्यांनी ते नीट वाचलं आणि तसंच ओळीने माझ्याकडे परत सरकवलं.

"तुम्ही मुलगा आहात यात शंकाच नाही," त्या म्हणाल्या. "आजी वर्षातून एकदा मुलांना जेवण द्यायच्या. संक्रांतीनंतरच्या आठवड्यात, एक ठरलेला दिवस. त्याच्या पावत्या करासाठी हव्या असतील तर देते, तो तुमचा हक्क आहे. बाकीचं नाही सांगता येणार."

"बाकीचं म्हणजे?"

"कोणाच्या नावाने द्यायच्या, ते."

म्हणजे कोणाच्या तरी नावाने होतं. तो दिवस कोणता ते कळल्यावर मी तिथल्या तिथे सगळ्या तारखा आठवून पाहिल्या. वडील पावसाळ्यात गेले. माझ्या आजी-आजोबांची तिथी पितृपक्षात. आमच्या घरातल्या कोणाचा ना वाढदिवस त्या आठवड्यात, ना कोणाचं वर्षश्राद्ध.

"मी वारस आहे," मी म्हणालो. आवाज चढला असणार, कारण बाहेर झाडणारी बाई डोकावून गेली.

"त्यांच्या वस्तूंचे आहात, काका," बाई म्हणाल्या. "त्यांनी आम्हाला सांगितलं ते फक्त आमच्याकडे ठेवायला दिलंय."

मग त्यांनी चहा मागवला आणि समजावायला लागल्या. पूर्वी त्यांच्याकडेही सगळं मोकळंढाकळं होतं. जेवणाच्या हॉलमध्ये फळ्यावर दात्याचं नाव लिहायचे, मुलांना त्याच्यासमोर बसवून फोटो काढायचे, तो सगळीकडे पाठवायचे. एका हौशी कार्यकर्त्याने सगळ्या देणगीदारांचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला. आठवड्याभरात त्यावर गुड मॉर्निंगची फुलं, विम्याच्या योजना आणि गंगापूर रोडच्या फ्लॅटची जाहिरात सुरू झाली. तेवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पण एक बाई नवऱ्याला न सांगता माहेरच्या कोणासाठी जेवण द्यायची. ग्रुपवरचा फळ्याचा फोटो नवऱ्याच्या मित्राने पाहिला. पुढचं त्यांनी सांगितलं नाही. ती बाई पुन्हा आली नाही, एवढंच म्हणाल्या.

तेव्हापासून नियम झाला. दात्याने स्वतः सांगितल्याशिवाय फळ्यावर नाव नाही. फोन करायचा तो कार्यालयातूनच, आणि दात्याशीच बोलायचं. दुसऱ्या कोणी उचलला तर ठेवून द्यायचा. संगणक फक्त बाई उघडतात. हिशेब तपासणाऱ्याला आकडे दिसतात, देण्याचं कारण दिसत नाही. दुसऱ्या संस्था गोड बोलून देणगीदारांचे नंबर मागतात, त्यांना चहा मिळतो.

"मलाही चहाच मिळाला," मी म्हणालो.

त्या हसल्या. मी हसलो नाही. हात हलवत परत आलो.

आई कायम माझ्याबरोबरच राहिली. तिच्या गोळ्यांच्या वेळा मला पाठ होत्या. तिला कोणती भाजी बाधते, कोणत्या गुडघ्याला तेल लावायचं, सगळं. आणि तिच्या मनात एक माणूस होता, ज्याच्या नावाने ती दरवर्षी पन्नास-साठ पोरांना जेवू घालायची, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मला वाईट वाटलं होतं, सरळ सांगायचं तर मत्सर वाटला होता. पण तो मी रागाच्या नावावर खपवला.

मी सायखेड्याला मावशीकडे गेलो. आईची ही एकच धाकटी बहीण उरली आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि तिचं तोंड एवढंसं झालं.

"मला नाय ठाऊक," ती म्हणाली. "मला बी नाय बोलली कधी. सख्ख्या बहिणीला नाय बोलली."

आणि मग तिने तर्क करायला सुरुवात केली. लग्नाआधी गावात एक मास्तर होते. शेजारची एक मैत्रीण नदीत गेली होती. तुझ्या आधी एखादं मूल होऊन गेलं असंल, आमाला कळू दिलं नसंल. एकेक तर्क बोलून झाला की ती पदराने तोंड पुसायची आणि दुसरा काढायची. मी ऐकत बसलो. ऐकायला गेलो होतो ना.

पुढच्या आठवड्यात चुलतभावाचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर हलक्या आवाजात म्हणाला, "काय रे, काकूंचं काहीतरी होतं म्हणे? कोणी मास्तर?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "त्याला कशाला ओरडता? त्या कार्यालयातल्या बाईंनी तर कोणाला काही सांगितलं नाही." एवढं बोलून ती कुकर बघायला गेली.

त्या दिवशी मी आईचा फोन बंद केला. बँकेचं काम कधीच झालं होतं.

संक्रांतीच्या थोडं आधी मी पुन्हा पेठ रस्त्याला गेलो. या वेळी कागद नेले नाहीत. बाईंना म्हणालो, "त्या दिवसाचं जेवण या वर्षी मी देतो. नाव विचारत नाही. फळ्यावर जे असायचं तेच असू द्या."

"फळ्यावर काहीच नसायचं," त्या म्हणाल्या.

"मग काहीच नको."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "आता एक सांगायची मला परवानगी आहे. आजी सांगून ठेवून गेल्या होत्या. म्हणाल्या, माझ्यामागे मुलगा येईल. भांडायला आला तर चहा द्या. जेवण द्यायला आला तर त्या दिवशी त्याला पंगतीला बसवा. फक्त विचारू नको म्हणावं."

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. पोरं व्हॉलीबॉल खेळत होती. मला माणसांची पारख आहे असं मी समजायचो. आई माझ्याहून चांगली तपासनीस होती.

जेवणाच्या दिवशी सकाळी निघताना एक जुनी गोष्ट आठवली. संक्रांतीनंतर एखाद्या सकाळी आई डोक्याला स्कार्फ बांधून रिक्षा बोलवायची. "गंगेवर जाऊन येते," म्हणायची; आमच्याकडे गोदावरीलाच गंगा म्हणतात. नाशिकच्या म्हातारीने गंगेवर जाते म्हटल्यावर त्यात विचारण्यासारखं काय असतं? दुपार उलटल्यावर यायची. जेवण झालंय म्हणायची. मला वाटायचं, भेटली असेल कोणी घाटावर.

हॉलमध्ये लांब सतरंज्या अंथरल्या होत्या. फळ्यावर 'आजचे जेवण' एवढंच लिहिलेलं आणि खाली जागा मोकळी. पोरांनी श्लोक म्हटला, आम्ही जेवायला बसलो. माझ्या एका बाजूला कार्यालयातल्या बाई होत्या. वरण, भात, बटाट्याची भाजी. आणि गूळपोळी.

गूळपोळी बघून मला आश्चर्य वाटलं. आमच्या घरी संक्रांतीला गूळपोळी विकत यायची, अजूनही येते. आईला ती जमायची नाही. "माझ्या फुटतात बाई. गूळ बाहेर येतो, तवा खराब होतो." हे मी लहानपणापासून ऐकत आलो. बायको नवीन लग्न होऊन आली तेव्हा तिने हौसेने शिकवा म्हटलं होतं, तर आईने कानावर हात ठेवले होते.

वाढणारी स्वयंपाकीण पेठकडची होती, बोलघेवडी. मी कोण ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या ताटात पोळी टाकत म्हणाली, "तुमी पहिल्यांदाच आले ना? या फुटल्यात जरा. दरवर्षी एक म्हातारी आजी यायची या दिवशी. सकाळधरून बसायची नि समद्या पोळ्या स्वतः लाटायची. आमाला हात लावू देत नव्हती. लय भारी पोळी. एक फुटायची नाय."

बाजूला बाईंचा घास हातातच राहिला. त्या ताटाकडे बघत होत्या.

"नाव काय त्यांचं?" मी विचारलं. का विचारलं, ठाऊक नाही. कदाचित दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

"नाव कोणाला ठाऊक? आमी गूळपोळीवाली आजी म्हणायचो. लाटताना गुणगुणायची. मी एकदा म्हणलं, आजी, कोणाला एवढी आवडायची गूळपोळी? तर..."

ती थांबली, कारण मागून कोणीतरी भात मागितला. तिने भाताचं पातेलं उचललं आणि पुन्हा माझ्याकडे वळली. पुढचं सांगायला तिची काही हरकत नव्हती. मी नुसतं "तर?" म्हणायचा अवकाश होता. आईला गुणगुणताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. माझ्या घशात तो एक शब्द येऊन बसला होता आणि त्याच्यावर गूळपोळीचा घास.

"अजून एक वाढा," मी म्हणालो.

तिने वाढली आणि ती भात घेऊन पुढच्या पंगतीकडे गेली. बाईंनी हातातला घास तोंडात घातला.

निघताना त्यांनी मला कार्यालयात बसवलं. पुढच्या वर्षीही मीच देणार असेन तर माझा फोन नंबर लागेल म्हणाल्या. मी सांगितला. हळू सांगितला, खोलीत दुसरं कोणी नसताना. मग त्यांनी सगळ्यांना विचारतात तो प्रश्न विचारला. "तुमच्यामागे कोणी चौकशी केली, तर काय सांगायचं?"

मी सवयीने सुरुवात केली, "माझ्याकडे लपवण्यासारखं..." आणि ते वाक्य मला पुरं करता आलं नाही.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

घरी आलो तर बायको अंगणात तुळशीला पाणी घालत होती. माझं लिखाण ती वाचत नाही, म्हणून इथे सांगायला हरकत नाही.

"काय होतं जेवायला?"

"वरण-भात. बटाट्याची भाजी."

"आणि गोड?"

मी चपला काढल्या, कोपऱ्यात नीट लावून ठेवल्या.

"गोड काही नव्हतं," मी म्हणालो.