लाल्याला ललकारायला गेले तेव्हा

कापसाने घात करायचा सपाटा लावला होता, त्या वर्षांतली ही दिवाळीची सुट्टी. मी सहावीत होते. यवतमाळच्या ऑफिसवाल्यांची लेक, त्यामुळे शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण शहाणपण मात्र उतू जात होतं. महागावजवळच्या खेड्यात मावशीकडे गेले, तेव्हा पिशवीत वाचनालयातून भाड्याने आणलेली एक भुताखेतांची रहस्यकथा होती.

मावसाजी आठ दिवसांपासून बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून होते. काय झालं विचारलं तर मावशी म्हणाली, "वावरात लाल्या आला." मग हळूच म्हणाली, "तुह्या मावसापाशी बसून वाचत जाय, मोठ्यानं. त्याईले एकटं सोडू नको, माय." त्याच हंगामात मागच्या गल्लीतला एक माणूस स्वतःच्या हाताने जिवानिशी गेला होता. मावशीला कशाची धास्ती आहे, ते मला कळत होतं.

लाल्या म्हणजे पऱ्हाटीचा, कपाशीच्या झाडाचा रोग, पानं लाल पडतात नि झाडाची वाढ खुंटते, हे मात्र मला कोण सांगणार? मी त्याला भूतच समजले. माझ्या पुस्तकातही गावच्या विहिरी आटवणारा एक काळा पुरुष होता, आणि त्याच्या मागावर निघालेली एक मास्तरीण. समोर उभं राहून, नाव घेऊन ललकारलं की त्याचं बळ जातं, एवढं तिला कळलं होतं. तिथवर वाचून झालं होतं.

चौथ्या दुपारी मावशी नळावर पाण्याला गेली आणि मी देवघरातला अंगारा चिमटीत धरून, पुस्तक काखेत मारून वावराकडे निघाले. मावसाजी एकटे राहतील, हे डोक्यातच आलं नाही. त्याचा मला अजून राग येतो.

वावर आठवतं ते झोपेत पाहिल्यासारखं. सगळं रान लालभडक, आणि कलत्या उन्हाचा उजेड पानापानांतून आरपार. वारा नाही, पाखरू नाही. इथे कुणीतरी श्वास रोखून बसलंय, असं वाटत राहिलं. तरी मी ओरडले, "लाल्या! हिंमत असेल तर समोर ये!"

समोर आले ते मावसाजी. अनवाणी, धापा टाकत. त्यांनी मला हाक मारली होती, ओ आली नाही म्हणून उठून शोधत निघाले होते. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. ते आधी हसले, मग धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून रडले. मीही रडले.

"पुस्तकातला तो मरते का शेवटी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"वाचलं तू?"

"नाही. पण मरतोच."

"वाच मंग," ते म्हणाले.

मी वाचू लागले. मास्तरीण विहिरीत उतरली आणि अंधारून आलं, अक्षरं दिसेनात. आम्ही घरी परतलो.

रिकामी बाज पाहून मावशी गावभर धावली होती. आता दारात उभी होती. मावसाजी पाय धुवायला वळले आणि मला म्हणाले, "बाकीचं उद्या वाचजो. ऐकतो मी."

मावशी उंबऱ्यावर मटकन बसली. मला वाटलं, आता मार बसणार. तिने मला ओढून पोटाशी धरलं.

"उद्या म्हणले ते," ती म्हणाली. "ऐकलं ना तू? उद्या म्हणले."